खुणेची शिवी

आक्का, कावळा लगेच शिवला. मला तिथंच संशय आला.

नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर, तुझ्या लेकानं घाटाच्या पायरीवर पिंड ठेवला. आम्ही बायका जरा मागं सरतोय न सरतोय तोवर एक कावळा उतरला, मोठा घास उचलला आणि गेलासुद्धा. "सुटली बाई! काय इच्छा ऱ्हायली न्हाय बगा आक्काची," तुझी नणंद म्हणाली आणि सगळ्यांनी हात जोडले. मी बौद्ध घरातली. आमच्यात कावळ्याला विचारायची रीत नाही, म्हणून मी गप्प उभी होते. पण मनात म्हटलं, हा लबाड आहे. भुकेला असेल, नाहीतर शेजारच्या दहाव्याचा चुकून इकडं आला असेल. तू असतीस तर त्यालाच दमात घेतलं असतंस, "कुनी धाडला रं तुला?"

कारण तुझी इच्छा राहिली होती, आणि ती एकट्या मला ठाऊक होती. तुला कमलाच्या तोंडून शिवी ऐकायची होती. ती ऐकल्याशिवाय पोरगी खरंच घरी पोचली यावर तू विश्वास ठेवणार नव्हतीस. आणि ऐकायच्या आधीच गेलीस.

तुझा विश्वास होता तरी कुणावर गं? दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघायचीस. एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बारामतीची गाडी कधी आहे ते विचारायचीस, मग तेच फळं विकणाऱ्याला विचारायचीस, मग पानवाल्याला. तिघांचं जुळलं तर म्हणायचीस, "तिगं मिळून ठरवून सांगत्यात." तुझे वडील मेंढरं राखायचे, आणि तुझं लहानपण कळपामागं चालण्यात गेलं. "लांडगा कदी लांडग्यावानी येत न्हाय, नले. त्यो कुत्र्यावानी शेपूट हालवत येतो. म्हनून शेपूट हालवनाऱ्याला आदी दगुड मारावा. कुत्रं आसंल तर केकाटंल, लांडगा आसंल तर दात दावंल." हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की माझ्या वर्गातल्या पोरींनाही पाठ झालं होतं.

आणि तो दगड म्हणजे तुझी शिवी. "मुडदा बशिवला तुझा!" इंदापूरच्या स्टँडामागं तुझी खानावळ, तिथं जेवून गेलेल्या प्रत्येकानं ती खाल्ली असेल. कंडक्टरला, सिलिंडरवाल्याला, दारात शिरलेल्या शेळीला, सुनेला, देवाला. मी पहिल्यांदा आले तेव्हा नुकतीच कोऱ्हाळ्याहून बदली होऊन कन्याशाळेत रुजू झाले होते. आडनाव विचारून झाल्यावर तू मला चुलीजवळ बसवलंस, आणि दोन गिऱ्हाइकं ताटावरून उठली. "मुडदा बशिवला तुमचा, अन्नावरनं उठता? पुन्ना माजी पायरी चढू नगा!" ते गेले. तू वळलीस आणि मला म्हणालीस, "आन् तू काय बगत बसली, मुडदा बशिवला तुझा, भाकरी निवाया लागली की!" शब्द तेच, आवाज निराळा. पहिल्यात जाळ होता, दुसऱ्यात ऊब होती. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि जेवताना रडले, ते तू पाहिलंस आणि पाहिलं नाही असं दाखवलंस.

मी मराठी शिकवणारी बाई. किती वर्षं तुझ्या मागं लागले, आक्का, ही शिवी सोड, मुडदा म्हणजे प्रेत, आपल्या माणसाला असं म्हणतात का? तू म्हणायचीस, "वंगाळ बोल्लं की नजर लागत न्हाय. ग्वाड बोलनाऱ्यापासनं सांबाळ." मी ती शिवी कधी तोंडातून काढली नाही. तू मला त्यावरून चिडवायचीस, "मास्तरनीची जीब धुतल्याली हाय."

पुण्याच्या त्या बैठकीला मी तुला ओढत नेलं, हे मी अजून अभिमानानं सांगते. शेजारच्या देशांतल्या बायका आणि अधिकारी येणार होते. नेपाळातून, बांगलादेशातून फसवून आणलेल्या मुली आपल्याकडं विकल्या जातात, त्या कशा सोडवायच्या, सुखरूप घरी कशा पोचवायच्या, देशादेशांनी एकमेकांना हात कसा द्यायचा, असा विषय होता. आपल्या तालुक्याच्या महिला मंडळाला बोलावणं आलं, कारण सोलापूरचा रस्ता आपल्या दारातून जातो. सोमेश्वरनगरच्या ऊसतोडीच्या तळावरून दोन पोरी गेल्या होत्या, त्यांचा तपास आपण दोघींनीच लावून धरला होता.

तू हॉलमध्ये शिरलीस तीच कपाळाला आठ्या घालून. "ह्या सायबाच्या गळ्यात नावाची पाटी कशापायी? हरवंल म्हनून?" मी तुला चिमटा काढला. साहेब बोलायला उभे राहिले, करार, मसुदा, कलमं. तू माझ्या कानाशी लागलीस. "चोरांचा करार कवाच झालाय, नले. डोंगरातला दलाल, हद्दीवरचा टरकवाला, पुन्याची कोठ्यावरची घरवाली. भाषा येगळी, देव येगळा, पर त्येंचं कदी भांडान ऐकलंस? कागुद न्हाय, सही न्हाय, आन् माल बिनचूक पोचतो. ह्येंचा आजून मसुदाच चाललाय." मला राग आला. म्हटलं, म्हणून काय कुणी करारच करू नये? चोर एक झाले म्हणून साव वेगळेच राहू देत? "साव हायत ह्ये कुनी सांगितलं?" तू म्हणालीस. आपलं हे भांडण तिथं सुरू झालं, आणि परवापरवापर्यंत बारामतीच्या दवाखान्यात चालू होतं.

जेवणाच्या सुट्टीत शांतादिदी भेटली. ठेंगणी, मोठं कुंकू लावलेली, नेपाळच्या हद्दीवरच्या गावात बसगाड्या अडवून एकट्यादुकट्या मुलींची चौकशी करणारी. तिथलं गुळचट जेवण तिला जाईना. तू फडक्यातला ठेचा काढून तिच्या पानात वाढलास. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ती मागून मागून खात होती. आणि तू सुरू झालीस. घरी कोण कोण? नवरा काय करतो? बस अडवल्यावर पोलीस तुझ्या बाजूनं बोलतात का दलालाच्या? मी मधे पडून हिंदी करत होते. तिनं सगळी उत्तरं दिली, आणि मग पदरानं डोळे पुसून तेच सगळे प्रश्न तुला विचारले. नवरा काय करायचा? खानावळीत कोण येतं? पोलीस कुणाच्या बाजूनं?

परतीच्या गाडीत तू खूश होतीस. "तिनं मला उलटं इचारलं. म्हंजी तिचाबी कुनावर इस्वास न्हाय. बाई कामाची हाय." आल्या आल्या तिचा फोन नंबर खडूनं चुलीमागच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतलास. धुरानं तो काळपट झाला की पुन्हा गिरवायला लावायचीस.

पुढच्या हंगामात कमला आली.

भर दुपारची गर्दी होती. पुण्याहून आलेली एक खासगी गाडी रस्त्यावर थांबली होती. ही पोरगी मागच्या बाजूनं मोरीत शिरली आणि खाली बसून भांडी घासायला लागली, कुणी काही विचारू नये म्हणून. मी शाळेतून आले होते. तू मला खुणेनं बोलावलंस. "ही भांडी घासती, पर राख कुठं हाय ह्ये तिला ठावं न्हाय." आणि लगेच सुनेला, मंगलला, मागचं दार लावायला सांगितलंस. बाहेर गाडीतला एक माणूस हिंडून हिंडून काही शोधत होता. त्याला तू म्हणालीस, "जेवायचं आसंल तर बस, न्हायतर वाट सोड, मुडदा बशिवला तुझा." गाडी निघून गेली.

तिनं नाव पूजा सांगितलं. "नाव हिचं न्हाय," तू म्हणालीस, "हाक मारली की उशिरा वळती." चार दिवसांनी पीठ मळता मळता ती आपणहून म्हणाली, कमला. तू म्हणालीस, "आता कसं! ह्ये तर आपल्यातलंच नाव हाय." तिला मराठी येत नव्हतं, तुला हिंदी येत नव्हतं. तरी दोघींचं बरं चालायचं. एकदा तव्यावर तिचा हात भाजला. तू ओरडलीस, "मुडदा बशिवला तुझा, ध्यान कुठं हाय?" आणि ती एकदम पांढरी पडली. "मुर्दा?" तिनं मला विचारलं. तिच्या भाषेतही तो शब्द तोच. मी सांगितलं, अगं ही आक्काची माया आहे. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. आपण हसलो होतो.

आणि मग मामा आला.

किती व्यवस्थित आला! इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड, खिशात कमलाच्या लहानपणाचा फोटो, आणि बरोबर आपल्याच भागातला एक पुढारी. फौजदारांनी आपल्याला पोरीसकट ठाण्यावर बोलावलं. तो तिथं डोळे पुसत बसला होता. भाची घरातून रागानं निघून गेली, बहिणीनं अन्न सोडलंय, मी मामा, न्यायला आलोय. आता आपल्याकडं मामा म्हटल्यावर संपलंच. लेकीला मांडवात आणायचं मामानं, पाठीशी उभं राहायचं मामानं. फौजदारांच्या सख्ख्या भाचीचं लग्न नुकतंच झालेलं. त्यांचा आवाजच भरून आला. "अरे मामा आहे तिचा, अजून काय पाहिजे?" हवालदार, पुढारी, पाणी देणारी बाई, सगळे विरघळले. खरं सांगते, आक्का, मीही विरघळले होते.

"पोरी, मामाच्या पाया पड," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. कमलानं माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. उजव्या हाताला ताट ठेवून डाव्यानं जेव म्हटल्यासारखा. पण ती वाकली. त्यानं पाय जरा पुढं केले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. फौजदारांनी रुमाल काढला.

तेवढ्यात तू उठलीस. "सायेब, आज आवस हाय. लेकीला आवसंला धाडत न्हाईत. उद्या न्या." फौजदार म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे. आणि मला दिसलं की तू भिंतीवरच्या कॅलेंडरला पाठ लावून, पदर पसरून उभी आहेस. अवस कसली गं, चांगली दशमी होती! मामाही म्हणाला, ठीक आहे, उद्या. बाहेर पडल्यावर मी तुला म्हणाले, फोटो आहे, गाव सांगतोय, तिच्या भाषेत बोलतोय, आता तुला काय पाहिजे? "पोरीचं तोंड बगितलंस? आपुन तिला कायतरी उलटं कराया लावलं. काय, त्ये मला ठावं न्हाय. तुज्या त्या ठेच्यावालीला फोन लाव."

एसटीडीच्या बूथमध्ये तू माझ्या कानाला कान लावून उभी होतीस. शांतादिदीला मी घडलेलं सगळं सांगितलं. ती मधेच थांबवून म्हणाली, "पैर किसने छुए?" मी म्हटलं, कमलानं, मामाचे. "भांजी ने? और उसने छूने दिए?" मग ती जवळजवळ ओरडलीच. त्यांच्यात, कमलाच्या समाजात, मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पूज्य. तिनं त्याच्या पायाला हात लावला तर त्यालाच पाप लागतं. खरा मामा उडी मारून मागं सरला असता. "दीदी, वो मामा नहीं है. लड़की को पकड़ के रखो."

त्या माणसाला ती रीत ठाऊक असणारच. पण सगळं ठाणं पाया पड, पाया पड म्हणत होतं, आणि त्याला आपल्यातला दिसायचं होतं. आपण सगळ्यांनी मिळून त्याला आपल्या रीतीचा मामा करून टाकला, आणि त्यानं सगळ्या ठाण्याला मामा बनवला! घरी आल्यावर कमलाला सांगितलं, की आम्हाला कळलं. तेव्हा ती बोलली. तुझी धाकटी बहीण आमच्या ताब्यात आहे, गप्प ये, असं तो तिला तिच्या भाषेत, रडता रडता, सगळ्यांसमोर सांगत होता. शांतादिदीनं माणूस पाठवून खात्री केली. धाकटी घरीच होती, शेळ्या राखत होती. हे ऐकून कमला जी रडायला बसली, ती तू भाकरी पुढ्यात आदळून "गिळ आता, मुडदा बशिवला तुझा" म्हणेपर्यंत थांबली नाही.

आपण ठाण्यावर गेलो तोवर मामा पसार. केळी तेवढी टेबलावर राहिली होती. फौजदारांनी ती कुणाला खाऊ दिली नाहीत.

मी काय मिरवलं म्हणून सांगू! बघ आक्का, बैठकीचा उपयोग झाला का नाही? देशादेशांनी हात दिला का नाही? तू चुलीत फुंकर मारत म्हणालीस, "बैठकीचा न्हाय. त्या बाईचा." मी म्हटलं, ती बाई बैठकीतच भेटली ना? "ठेचा मी नेला हुता," तू म्हणालीस. तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय?

मग परत पाठवायची वेळ आली. आता सगळं रीतसर. पुण्याचं सुधारगृह, कोर्ट, दोन सरकारांचे कागद, गाडीनं हद्दीपर्यंत एक शिपाईबाई, पुढं शांतादिदी, पुढं तिच्या गावचं कुणीतरी. मला वाटलं होतं तू खूश होशील. तू बोटं मोडत बसलीस. "हातातनं हातात, हातातनं हातात. पयल्यांदाबी ती आशीच आलती की, नले. हातातनं हातात." विकायला नेतानाची साखळी आणि सोडवून नेतानाची साखळी बाहेरून सारखीच दिसते, हे तुझ्याशिवाय कुणी मला सांगितलं नव्हतं.

म्हणून तू खूण ठरवलीस. कमला जायच्या आदल्या दिवशी पाटावर बसून कणीक तिंबत होती. तू मला म्हणालीस, हिला नीट समजावून सांग. घरी पोचलीस की फोन कर. सगळं ठीक असेल, कुणाचा दाब नसेल, तर मला शिवी दे. माझीच शिवी, मोठ्यांदा. "आन् ग्वाड बोललीस, आक्का मी बरी हाय, समदी लई चांगली हायती, आसं म्हनलीस, तर मी समजंन शेजारी कुनीतरी हुबा हाय. धाक दावून मानसाला ग्वाड बोलाया लावता येतं. मनापासनं शिवी द्याया लावता येत न्हाय." मी थक्क झाले. मसुदा लिहिणाऱ्या कुठल्या साहेबाला हे सुचलं असतं? पण कमला खाली मान घालून कणीक तिंबत राहिली. तू तिच्याकडून म्हणवून घ्यायला लागलीस. ती म्हणेना. लाजली, हसली, पदरात तोंड लपवलं. शेवटी पुटपुटली, "मुर्दा बसवला." तू म्हणालीस, "आगं जोरात, मेल्याली हाईस का?"

फोन आला तेव्हा मी खानावळीतच होते. तू रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होतास. मला इतकंच ऐकू आलं, "आक्का, मैं ठीक हूँ. सब लोग बहुत अच्छे हैं. आप बहुत याद आती हो." तू वाट बघत राहिलीस. आवाज रडका झाला, मग शांतादिदी बोलली, माझ्यापर्यंत पोचली, उद्या गावी जाईल, काळजी करू नका. तू फोन ठेवलास आणि ओट्याशी बसलीस. "ग्वाड बोलली," तू म्हणालीस.

मी हसले होते. म्हटलं, अगं, तुझ्यावर जीव आहे तिचा, शिवी कशी देईल? शांतादिदी शेजारी होती, म्हणून लाजली असेल. "म्हंजी शेजारी कुनीतरी हुतंच की." अगं पण ती आपलीच बाई! "मामाबी आपलाच झाला हुता." नंतर शांतादिदीला फोन केला, तर ती म्हणाली कमला गावी गेली, डोंगरात आहे गाव, तिथं फोन नाही. "फोन न्हाय. किती सोईचं," तू म्हणालीस. पुढं तर शांतादिदीचं ऑफिसच हललं, नंबर बदलला. भिंतीवरचा नंबर तू मात्र गिरवत राहिलीस. लागत नाही हे ठाऊक असून गिरवत राहिलीस. पुण्याच्या संस्थेला मी विचारलं, ते म्हणाले प्रकरण पूर्ण झालं. मी तुला ते सांगितलं. "कुनाचं पुरं झालं?" असं विचारलंस, आणि भाकरी थापायला लागलीस.

तेव्हापासून आपलं भांडण बदललं. आधी तू चिडायचीस, मी समजवायची. मग मलाच भीती वाटायला लागली की तुझं खरं असलं तर? मी तुला पटवत होते, पण पटवून घ्यायची गरज मलाच जास्त होती. रस्त्यावर खासगी गाडी थांबली की तुझ्याआधी मी खिडक्यांतून बघायला लागले. शाळेत पोरीला न्यायला कुणाचा मामा आला, तर मी त्याला दोनदा फिरवते. तुझा रोग मला लागला, बाई. आणि त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे, हेच तू असेपर्यंत मला जमलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात तू सलाईनच्या बाटलीकडंही संशयानं बघायचीस. डॉक्टर म्हणाले, आजी, दोन दिवसांत घरी. ते गेल्यावर तू म्हणालीस, "ग्वाड बोलला. म्हंजी संपलं." मी तुला रागावले. तू डोळे मिटून हसलीस. मग म्हणालीस, "नले, पोरगी ग्वाड बोलली गं." मी म्हटलं, माया होती तिची. तू म्हणालीस, "आसंलबी." एवढ्या वर्षांत माझ्या म्हणण्याला तू कधी आसंलबी म्हणाली नव्हतीस. मला तेव्हा तुझ्याशी भांडायला हवं होतं. मी नुसता तुझा हात धरून बसले.

दहावं झालं, तेरावं झालं. तुझ्याशिवायची दिवाळी आली. मंगलनं खानावळ उघडली; म्हणाली, बाई, तुमी दुपारी जेवायला येत जावा, आत्याबाईंचं ताट मोडलं असं वाटू नये. भाऊबीजेच्या दिवशी मी चुलीजवळ बसले होते. फोन वाजला. मंगलनं घेतला, ऐकलं, आणि माझ्याकडं धरला. "हिंदीत बोलतंय कुनीतरी. आत्याबाईंना मागतंय."

"आक्का?" पलीकडून आवाज आला.

आक्का, मी ओळखला नाही. खरं तर ओळखला, पण मी तुझी चेली. म्हटलं, कौन? "कमला." कौन कमला? "मास्तरीणबाई, मैं कमला! आक्का को दो ना. तिहार है, हमारी दिवाली, बाजार में उतरी हूँ, बूथ से फोन करती हूँ." पाठीमागं गलका होता, गाडीचा हॉर्न होता. मी विचार केला, हिला सांगू का नको? बाजारातल्या बूथवर एकटी असेल. एकटी असेल ना? मग म्हटलं, खोटं बोलणं तुझ्या चुलीजवळ बसून व्हायचं नाही. सांगितलं, कमला, आक्का नहीं रही.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"झूट," ती म्हणाली. मग मोठ्यांदा, "झूट! मास्तरीणबाई झूट बोलती!" आणि मग, आक्का, इतक्या लांबून, दोन देशांच्या सगळ्या तारांमधून, घसा फुटेस्तोवर, "मुर्दा बसवला तुझा! आक्का को फोन दे! मुर्दा बसवला तुझा!"

मंगल धावत आली. मी हसत होते का रडत होते मला ठाऊक नाही. मंगल म्हणाली दोन्ही. पलीकडं ती हुंदके देत होती. ती जरा शांत झाल्यावर मी तुझ्या वतीनं विचारलं, शेजारी कोण उभं आहे? "कोई नहीं. बकरी है, बहन की. बाहर बाँधी है, चिल्ला रही है." आणि खरंच, आक्का, शेळी ओरडत होती. मी कान देऊन ऐकलं. मग विचारलं, पहिल्या फोनवर का नाही दिलीस गं शिवी? इतकी वाट बघितली तिनं. कमला म्हणाली, "मुर्दा कैसे बोलूँ आक्का को? सच हो जाता तो?"

तेव्हा पोरगी पोचली, आक्का. घरी आहे, मोकळी आहे, बहीण आहे, शेळी आहे. खूण पटली. आपल्या भांडणात माझं खरं निघालं. ती मायेनंच गोड बोलली होती. हे सांगायला गेले, तर पाटावर तू नाहीस. एवढी वर्षं माझं काही खरं मानलं नाहीस, आणि आज मानावं लागलं असतं तर आधीच निघून गेलीस.

मुडदा बशिवला तुझा, आक्के.